रणभिसे काकू आणि सहाचं पाणी

रणभिसे काकूंनी पहिल्या भेटीत मला माझं नाव विचारलं नाही. लग्न होऊन मी नुकतीच पुण्याहून दिल्लीला आले होते. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, ट्रंकांची कुलुपंसुद्धा अजून उघडली नव्हती. तेवढ्यात दार वाजलं. दारात एक उंच, सावळ्या, घट्ट अंबाड्याच्या बाई उभ्या, आणि हातात काचेचा रिकामा ग्लास. मला वाटलं, साखर मागायला आल्या असतील. दिल्लीत काय पद्धत असते कोण जाणे!

"समोरच्या. रणभिसे," एवढं बोलून त्या माझ्या बाजूने सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. आमच्या कळशीतलं पाणी त्यांनी ग्लासात घेतलं, खिडकीपाशी उजेडात धरलं, वास घेतला आणि मोरीत ओतून दिलं.

"उकळलंस?"

"नाही हो. सकाळीच भरलंय, ताजं आहे."

"मग हे पाणी नाही. नुसतं ओलं आहे."

बाई गेल्या, आणि पाचच मिनिटांत उकळून गार केलेल्या पाण्याचं पातेलं, वर ताटली झाकून, माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. माझं नाव त्यांनी विचारलं ते पुढच्या आठवड्यात. तोवर मी त्यांच्या लेखी 'समोरची न उकळणारी' होते, असं मला नंतर वरच्या मजल्यावरच्या भल्लाभाभींनी सांगितलं.

काकू नगरच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. रणभिसे काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आणि काकू दुसऱ्या मंत्रालयात क्लार्क. दोघं सकाळी वेगवेगळ्या चार्टर्ड बसमधून जायची आणि संध्याकाळी एकाच सुरात आपापल्या अंडर सेक्रेटरीला नावं ठेवत परतायची. एकुलती मुलगी करुणा लग्न होऊन जबलपूरला गेलेली. काका शांत, गोरेपान, कायम काहीतरी दुरुस्त करत बसलेले. खिशात पेनाशेजारी टेस्टर खोचलेला असायचा. काकूंपुढे ते फारसं बोलत नसत. काकूंपुढे कुणीच फारसं बोलत नसे म्हणा.

जेवायच्या आधी काकू डोळे मिटून प्रार्थना म्हणत, पण पाण्यासाठी म्हणत नसत. "ते खातं प्रभूनं गॅसकडे दिलंय," असं त्या म्हणायच्या. त्यांचा उकळण्याचा एक कायदा होता. बुडबुडे दिसले की बायका गॅस बंद करतात, ते त्यांना मंजूर नव्हतं. खळखळून उकळी आली की त्या चर्चमधलं एक मराठी भजन म्हणायला लागत, आणि ते शेवटच्या कडव्यापर्यंत संपलं की मगच गॅस बंद. घड्याळ बघायचं नाही, मधलं कडवं गाळायचं नाही. रोज सकाळी आमच्या जिन्यात ते भजन घुमायचं. वर्ष-दोन वर्षांत ते सगळ्या ब्लॉकला पाठ झालं. वरच्या भल्लांच्या म्हाताऱ्या माताजी, ज्यांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, त्या चहाचं आधण ठेवलं की तेच भजन गुणगुणायच्या. पुढं आमचा चिन्मय झाला, त्याला कितीतरी दिवस वाटायचं की हे गॅसचंच गाणं आहे.

दुसऱ्यांच्या घरी काकू पाणी पीत नसत. कुणाच्याही. अगदी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्यासुद्धा. चहा चालायचा. "चहात निदान उकळतं तरी," म्हणायच्या. पण तोही गप्पा मारायच्या निमित्ताने ओट्यापाशी उभं राहून, डोळ्यांदेखत करून घ्यायच्या. नवख्या बाईला वाटायचं, किती आपुलकीच्या आहेत, स्वयंपाकघरात येऊन बसतात! जुन्या बायका मुकाट्यानं गॅस मोठा करायच्या.

आता त्यांचं वाण. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू हौसेनं यायच्या. कुंकू घेत नसत, पण तिळगूळ घ्यायच्या, नाव घेताना चावटपणा करायच्या आणि वाणही वाटायच्या. बाकीच्या बायका प्लॅस्टिकचे डबे नि वाट्या वाटत. एका वर्षी काकूंनी नगरहून पोतंभर ओगराळी आणवली. लांब दांड्याची, पितळी. काका बिचारे ते पोतं आगगाडीत पायाशी घेऊन आले होते. दिल्लीत वाढलेल्या आमच्या पोरींना हा शब्दच ठाऊक नव्हता. एक म्हणाली, "आंटी, ये कढी के लिए है?" दुसरीला वाटलं, देवाची काहीतरी वस्तू.

काकू हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. "बायांनो, तुमच्या माठात तुमची पोरं ग्लास बुडवतात. ग्लासाबरोबर बोटं बुडतात. ती बोटं त्याआधी कुठं होती, ते मी इथं तिळगूळ हातात असताना सांगत नाही. पाणी ह्यानं काढायचं. माठात हात गेलेला मला दिसला तर वाण परत घेईन."

आणि खरोखर घेतलं हो! देशमुख वहिनींच्या घरी त्या सहज म्हणून गेल्या, ओगराळं भिंतीला शोभेला टांगलेलं आणि माठात स्टीलचा ग्लास तरंगत होता. काकूंनी बघितलं. चहा प्यायल्या, आणि निघताना ओगराळं पर्समध्ये घालून घेऊन आल्या. पर्सच्या बाहेर वीतभर दांडा दिसत होता, तरी देशमुख वहिनींची तोंड उघडायची छाती झाली नाही.

माझ्या नणंदेचं स्थळ बघायला आम्ही गाझियाबादला गेलो, तेव्हा मोठं माणूस म्हणून काकूंना बरोबर नेलं. ही चूक माझी नव्हे, सासूबाईंची. मुलगा कारखान्यात इंजिनिअर, घर स्वतःचं, माणसं बरी वाटत होती. ट्रेमधून पाणी आलं. आम्ही सगळ्यांनी घेतलं. काकूंनी ग्लास खिडकीकडे धरला. मी मनात म्हटलं, देवा, आता काही खरं नाही.

"टाकी केव्हा धुतली?" काकूंनी मुलाच्या वडिलांना विचारलं.

"जी?"

"गच्चीवरची टाकी. पगार नंतर विचारू."

वडिलांचा चेहरा उतरला, सासूबाईंचा पडला. पण मुलगा उठला. "चला, दाखवतो," म्हणाला. दोघं गच्चीवर गेली. बराच वेळ कुणी खाली येईना. शेवटी मीच वर जाऊन बघते तर काय, नवरदेव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीत उतरलेला, हातात खराटा, आणि काकू काठावर उभ्या राहून "तो कोपरा राहिला, तो कोपरा," म्हणत होत्या. खाली येऊन त्यांनी निकाल दिला, "मुलगा सोडू नका. शेवाळ बघून नाक मुरडलं नाही त्यानं." नणंद आजही त्याच घरात सुखात आहे. दर दिवाळीला टाकी जावईबापूच धुतात, आणि धुताना काकूंच्या नावानं काय पुटपुटतात ते ती मला सांगत नाही.

ह्या सगळ्यावर आम्ही पाठीमागे पोट धरधरून हसायचो. 'पाणीवाली' असं भल्लाजी म्हणायचे. पण कबुतराच्या दिवसापासून हसणं थोडं दबकून व्हायला लागलं.

झालं असं की आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण माकडं काढायची. आर. के. पुरममध्ये माकडं काही नवी नाहीत. आमच्याआधी त्यांनाच क्वार्टर मिळालेले असावेत. उन्हाळ्यात ती झाकण फेकून टाकीत डुंबायची. काकू दर रविवारी चर्चला जाण्याआधी साडी खोचून शिडीनं वर चढून बघायच्या. एका रविवारी त्या चर्चला गेल्याच नाहीत. त्याऐवजी जिन्याच्या पहिल्या वळणावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर टाकीतून काढलेलं कबूतर ठेवलं. फुगलेलं. शेजारी स्टूल टाकून स्वतः बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हसतमुखानं सांगत होत्या, "नमस्ते जी. इस हफ्ते हम सब ने इनका सूप पिया."

दुपारपर्यंत निम्म्या ब्लॉकनं आपापले माठ मोरीत ओतले. सोमवारी काकू ते कबूतर मिठाईच्या खोक्यात घालून, वर रंगीत दोरी बांधून इन्क्वायरीत घेऊन गेल्या. इन्क्वायरी म्हणजे कॉलनीतल्या दुरुस्त्यांचं सरकारी ऑफिस. तिथल्या साहेबांनी मिठाई समजून खोकं आनंदानं उघडलं. संध्याकाळच्या आत टाकीला कुलूपवालं नवं झाकण बसलं. तेव्हापासून तिथं काकूंना 'कबूतरवाली मॅडम' म्हणायला लागले, आणि त्या दारात दिसल्या की साहेब आधी त्यांच्या हातात खोकं नाही ना, ते बघायचे.

पण मी जे सांगायला बसलेय ते ह्यापुढचं आहे.

आमच्याकडे पाणी सकाळी सहाला यायचं आणि तासाभरात जायचं. त्या 'सहाच्या पाण्या'वर सगळ्यांचा दिवस. एका उन्हाळ्यात ह्या सहाच्या पाण्याला वास यायला लागला. आधी मातीचा वाटला, मग मातीचा नव्हे हे सगळ्यांना कळलं आणि कुणी बोलेना. भल्लांच्या पिंकूला कावीळ झाली. मग तळमजल्यावरच्या मिश्राजींना झाली. आणि नेमकं तेव्हाच जबलपूरहून करुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती.

काकूंचा आवाज त्या दिवसांत मी पहिल्यांदा बारीक झालेला ऐकला. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "नीला, माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात काविळीनं गेली. तीही गेली नि बाळही गेलं. आम्ही ओढ्याचं पाणी प्यायचो. डॉक्टर म्हणाले, पोटुशीला ही कावीळ सोसत नाही. मी तेव्हा परकरात होते. तिला शेवटचं पाणी मीच पाजलं. तेही त्याच ओढ्याचं."

मी त्यांच्या हातातली मेथी घेतली आणि निवडत बसले. इतकी वर्षं जिची आम्ही चेष्टा करत होतो, त्या उकळण्यामागे काय होतं ते त्या दिवशी मला कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"करुणेला येऊ नको म्हणून कळवा ना," मी म्हटलं.

"तिकडं सासू नाही, कुणी नाही. इथं यायलाच हवं. आणि प्यायचं मी उकळीन गं, पण ती दात घासणार, आंघोळीत चूळ भरणार, धुतलेलं सफरचंद खाणार. कुठं कुठं उकळू?" पदरानं डोळे पुसले आणि पुढच्या क्षणी मूळ पदावर आल्या. "पाणी नळातच चांगलं यायला हवं. ते मी आणीन."

इन्क्वायरीत जाऊन आल्या. तिकडून उत्तर आलं की लाइन जुनी आहे, बघू, खोदावं लागेल, वरून मंजुरी हवी. मग काकू स्वतःच टेहळणीला लागल्या. आणि एक दिवस सकाळी माझ्याकडे धावत आल्या. "नीला, तुझ्या लक्षात आलंय का? ज्या दिवशी सकाळी लाईट जाते त्या दिवशी पाणी स्वच्छ येतं!"

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. पण दोन-तीनदा नीट पाहिलं तर खरंच तसं होतं. लाईट असली की पाणी पिवळट, लाईट गेली की नितळ.

"टुल्लू!" काकू म्हणाल्या.

टुल्लू म्हणजे नळाला जोडायची छोटी मोटर. पाणी वर चढत नाही म्हणून लोक ती चोरून लावायचे. लावायला बंदी होती, म्हणून ती प्रत्येकाच्या घरी होती आणि कुणाच्याही घरी नव्हती. भल्लाजी तर कॉलनीच्या मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटून म्हणायचे, "जो टुल्लू लगाता है, वो देश का दुश्मन है!"

"फाटक्या नळीनं सरबत ओढलंस तर तोंडात काय येतं?" काकूंनी मला विचारलं. "आधी हवा. आणि ती फाटकी नळी गटारातून गेलेली असली तर? सगळे मिळून मोटरींनी ओढतात, नि जमिनीखाली जिथं पाइपाला भोक आहे तिथून गटार आत येतं. मोटर नसली की पाणी आपल्या जोरानं येतं, भोकातून उलट बाहेरच जातं. कळलं?"

मला कळलं. पण लोकांना कोण सांगणार? काकू दारोदार गेल्या. प्रत्येक घरी चहा मिळाला, आणि प्रत्येक घरानं शपथ घेऊन सांगितलं की टुल्लू शेजारच्यांचा आहे. आमच्याकडे मात्र खरंच नव्हता. त्यात मोठेपणा काही नाही, आमच्या ह्यांना विजेच्या वस्तूला हात लावायची भीती वाटते.

त्यानंतर एक चमत्कार सुरू झाला. आमच्या जिन्याची लाईट रोज पहाटे सहाच्या ठोक्याला जायची आणि सातनंतर यायची. शेजारच्या जिन्यात लाईट, समोरच्या ब्लॉकमध्ये लाईट, अंधार आमच्याच नशिबी. भल्लाजी रोज वीजवाल्यांकडे तक्रार करून यायचे. लाइनमन यायचा तोवर लाईट आलेली असायची. तो डोकं खाजवत जायचा. आणि पाणी? नितळ! थोडं यायचं, वरच्या मजल्यांना तर करंगळीएवढी धार, पण वास नाही, रंग नाही. लोक विजेला शिव्या देत होते आणि पाण्याची स्तुती करत होते.

एकदा मी सहाला दूध आणायला खाली उतरले. दूधबूथवर लवकर रांग लागायची. बघते तर काकू जिन्याखालच्या मीटरच्या पेटीपाशी. पायात रबरी चपला, हाताला काकांचे रबरी हातमोजे. जिन्याचा चिनीमातीचा मोठा फ्यूज त्यांनी खट्कन ओढून काढला, दुधाच्या पिशवीत टाकला आणि वळल्या तर समोर मी.

"अगंबाई, काकू!"

काकूंनी हातमोज्यातलं बोट ओठांवर ठेवलं. डोळे असे चमकत होते की बास! मग आम्ही दोघी गुपचूप बूथवर गेलो, रांगेत उभ्या राहिलो, आणि भल्लाभाभींशी वीजवाल्यांच्या बेपर्वाईवर मनसोक्त बोललो. फ्यूज पिशवीत माझ्या कोपराला लागत होता.

पण हे असं किती दिवस चालणार? करुणा यायच्या आदल्या सकाळी बूथवर दूधच आलं नव्हतं. आम्ही लगेच परतलो. जिन्यापाशी पोचतो तोच वरून धपाधप पावलं वाजली. काकू चटकन भल्लाजींच्या स्कूटरमागे वाकल्या, मी तशीच उघड्यावर उभी.

खाली आले ते रणभिसे काका. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, बाह्या ओल्या, हातात टेस्टर. मीटरच्या पेटीकडे निघाले होते, मला बघून थबकले.

"नीला, काय वैताग आहे बघ. अर्धाच ड्रम झाला. आजही लाईट गेली नि मोटर चालेना."

"कुठली मोटर, काका?"

एवढ्यात स्कूटरमागून काकू उभ्या राहिल्या. नवरा हातात टेस्टर घेऊन, बायको हातात फ्यूज घेऊन. दोघंही मुद्देमालासकट.

"तुम्ही?" काकू म्हणाल्या.

"मार्था, तू?" काका म्हणाले.

मग कळलं की मोटर त्यांच्याच बाथरूममध्ये, पालथ्या घमेल्याखाली होती. काकू रोज सहाला दुधाला जायच्या, तेवढ्या वेळात काका ती चालवायचे आणि त्या यायच्या आत घमेलं पालथं घालायचे. गेली कित्येक वर्षं. फ्यूज काढायला लागल्यापासून काकू खूश होत्या की आपल्याला तरी मोटरीवाचून पुरतंय. काका मात्र रोज ड्रम कसा भरायचा म्हणून खालून बादल्या आणत होते आणि लाईट कधी येते याची वाट बघत होते.

"काखेत टुल्लू नि गावाला वळसा," काकू पुटपुटल्या. आवाज मात्र थट्टेचा नव्हता.

"तू सकाळ-संध्याकाळ उकळतेस," काका खाली मान घालून म्हणाले. "पिण्याचं उकळतेस, भाजी धुवायचं उकळतेस. दुसऱ्या मजल्यावर एवढं पाणी चढत नाही गं. कुठून आणू? तुला कमी पडू नये म्हणून बसवली."

काकू तिथंच पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना असं मोकळेपणी रडताना तेव्हा एकदाच पाहिलं. "माझ्या बहिणीला ज्यानं नेलं, ते मी माझ्या घरात ओढून आणत होते. माझ्या करुणेसाठी!" म्हणत होत्या. काका शेजारी बसले. त्यांनी आपल्या ओल्या रुमालानं काकूंचं तोंड पुसायचा प्रयत्न केला, तर त्याही अवस्थेत काकू म्हणाल्या, "तो नको. नळाच्या पाण्यात भिजलाय."

दुसरी एखादी बाई असती तर मोटर गुपचूप भंगारवाल्याला दिली असती आणि शेजाऱ्यांचं शोधत बसली असती. काकू उठल्या, वर गेल्या, मोटर उचकटून आणली आणि जिन्याच्या त्याच वळणावर, जिथं कबूतर ठेवलं होतं तिथं, वर्तमानपत्र पसरून त्याच्यावर ठेवली. स्टूल टाकून बसल्या. लोक जमले.

"ये हमारा है," काकू म्हणाल्या. "मेरे घर का. और बिजली बिजलीवालों ने नहीं, मैंने काटी. रोज. जो बोलना है मुझे बोलिए. मेरी बेटी कल आ रही है, पेट से है. पिंकू को पीलिया हुआ, मिश्राजी को हुआ. मैं हाथ जोड़ती हूँ, अपना-अपना ले आइए."

कुणी कुणाकडे बघेना. मला वाटलं, आता भांडण होणार, सगळा ब्लॉक ह्या बाईला पाण्यात पाहणार. तेवढ्यात भल्लांच्या माताजी, ज्या कधी जिना उतरत नसत, भिंतीला धरत धरत खाली आल्या. पदराखालून मोटर काढली, काकूंच्या मोटरीशेजारी ठेवली, आणि मुलाकडे न बघता परत वर गेल्या. भल्लाजी लालबुंद. "बहनजी, वो... वो तो एक मेहमान रख गया था," म्हणाले.

मग काय, रीघ लागली. कुणी टॉवेलात गुंडाळून आणली, कुणी पिठाच्या डब्यातून. दुपारी बघितलं तर वर्तमानपत्र पुरेना. सगळ्यात कहर म्हणजे दोन मोटरी मिश्राजींच्या निघाल्या, तळमजल्यावर राहून! तिथं तर नळाला आपोआप पाणी यायचं. "आदत है," म्हणाले.

काकूंनी त्या सगळ्या मोटरी रिक्षात घालून इन्क्वायरीत नेल्या. कबूतरवाल्या मॅडम एवढं मोठं ओझं घेऊन आलेल्या बघून साहेबांनी म्हणे खुर्चीच मागे सरकवली. "हमने अपना काम कर दिया. अब आप खोदिए," काकूंनी सांगितलं. त्याच आठवड्यात खोदलं. आमच्या जिन्याकडे येणारा पाइप गटारात आडवा बुडालेला निघाला, गंजून चाळण झालेला. तो बदलला.

वरच्या मजल्यांना पाणी कमी पडायचं, ते तळमजल्याच्या नळावरून न्यायचं ठरलं. आणि काकूंनी काकांना शिक्षा दिली ती अशी की उन्हाळाभर भल्लांच्या माताजींचं पाणीही काकांनीच वर न्यायचं. काका बादल्या घेऊन चढायचे, दर वळणावर थांबायचे आणि मला म्हणायचे, "नीला, ही बाई माझ्याशी बोलत नाही, पण बादलीला झाकण आहे का ते बघते."

करुणेला मुलगी झाली. सुखरूप. काकूंनी नाव सुचवलं निर्मला. करुणा म्हणाली, "आई, माझ्या पोरीला नळाचं नाव देऊ नकोस हं." शेवटी स्मिता ठेवलं. त्या पोरीची पहिली आंघोळ काकूंनी भजन पूर्ण म्हणून घातली.

पुढं रिटायर होऊन दोघं नगरला गेली. काका तिकडंच वारले. आम्ही दिल्लीतच राहिलो. मधे बरीच वर्षं नुसती ख्रिसमसची कार्डं आणि फोन, फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "उकळतेस ना?"

मग कळलं की काकू नोएडात आल्यात. स्मिता तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत. मेट्रोनं गेले. बाराव्या मजल्यावरचा चकचकीत फ्लॅट. काकू बारीक झालेल्या, अंबाडा सुपारीएवढा, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. स्मिता हसत पुढं आली आणि मी तिच्या पोटाकडे बघतच राहिले. सहावा महिना.

"म्हणून आलेय," काकू म्हणाल्या. "करुणेचे गुडघे गेलेत, ती काय करणार?"

स्वयंपाकघरात भिंतीवर आरओचं मशीन, हिरवा दिवा लागलेला. स्मितानं फ्रिजमधून बाटली काढून ग्लास भरले. एक मला, एक काकूंना. मी काकूंकडे बघत होते. आता ग्लास खिडकीकडे जाणार, वास घेणार. काकूंनी ग्लास घेतला आणि सरळ पिऊन टाकला. घटाघटा. मी चाटच पडले.

"आजी आता सुधारली," स्मिता म्हणाली. "यहाँ पानी का कोई टेन्शन नहीं, मावशी. आरओ आहे ना."

"हो ना, फार चांगलं मशीन आहे," काकू म्हणाल्या, आणि स्मिता आत गेल्याबरोबर माझ्याकडे वाकल्या. डोळे तसेच, फ्यूज काढला त्या दिवशीसारखे. "पहाटे ती उठायच्या आत सगळ्या बाटल्या उकळून गार करून भरते. मशीनचं मशीनपाशी. तिला सांगू नकोस, तिचा हिरमोड होईल. महागाचं आहे ते."

मी हसू दाबत चहा घेतला. निघाले तेव्हा स्मिता लिफ्टपर्यंत सोडायला आली. दार बंद व्हायच्या आधी हळूच म्हणाली, "मावशी, आजीनं तुम्हाला सांगितलं ना, बाटल्यांचं?"

"म्हणजे तुला माहीत आहे?"

"बिल्कुल! पहाटे किचनमधून भजन ऐकू येतं ना. पुटपुटते, पण कडवं एक गाळत नाही." ती हसली. मग इकडंतिकडं बघून आणखी हळू म्हणाली, "आणि तिला सांगू नका प्लीज, पण बरंच आहे ती उकळते ते. मशीनचा फिल्टर बदलायचा राहिलाय, दिवाळीपासून."

मी काही बोलणार एवढ्यात स्मिताच्या मागं, फ्लॅटच्या अर्धवट उघड्या दारात, मला काकू दिसल्या. काठीवर रेललेल्या. अक्षर न् अक्षर ऐकलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नातीच्या पाठीकडे पाहिलं, आणि बोट ओठांवर ठेवलं. लिफ्टचं दार बंद झालं.